बेस अॅम्पसमोर कोणता माइक लावायचा? ठाणे-नवी मुंबईच्या स्टेजवर वाजवणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत बेस गिटार प्रेक्षकांपर्यंत एकाच वाटेने पोचते: गिटारमधून डीआय बॉक्स (गिटारचा आवाज थेट मिक्सरला देण्याजोगा करणारी डबी), डीआयमधून मिक्सर. मागे ठेवलेला अॅम्प फक्त वादकाला आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला ऐकू यावा म्हणून असतो. दिवाळी पहाट असो, गणपतीतला वाद्यवृंद असो की नेरूळ-बेलापूरकडचं कॉलेज फेस्टिव्हल, साउंडवाल्याला ही पद्धत सोयीची पडते आणि बऱ्याचदा ती योग्यही असते. पण ज्याने आपला आवाज अॅम्पवर घडवलाय, ज्याच्या स्पीकरची खरखर आणि जोरात वाजवल्यावर येणारं किंचित फाटलेपण हाच वाजवण्याचा अर्धा भाग आहे, त्याचा तो अर्धा भाग स्टेजवरच राहून जातो. हॉलमध्ये जातो तो स्वच्छ, कोरडा, कोणाचाही वाटेल असा बेस.

मग कोणीतरी म्हणतं, अॅम्पला माइक लावू या. पेटीतून किक ड्रमचा जादा माइक निघतो, ‘बेस म्हणजे खालचा आवाज, म्हणून हाच’ असं ठरतं, आणि हॉल घुमायला लागतो. धडधड ऐकू येते, सूर कळत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. डीआय हाताशी असेल तर खर्ज सांभाळायला तो समर्थ आहे. माइककडून मागायचा तो मधला पट्टा, साधारण २०० ते २००० हर्ट्झ. तिथे बोटांचा स्पर्श आहे, स्पीकरचा स्वभाव आहे आणि मुख्य म्हणजे कोणता स्वर वाजतोय हे कानाला तिथेच उमगतं. त्यामुळे माइक निवडताना ‘हा किती खाली जातो’ यापेक्षा ‘हा मधलं किती खरं सांगतो’ हे जास्त महत्त्वाचं.

आधी ठरवा: माइक लागणार आहे का?

भाड्याने आलेला कॉम्बो अॅम्प (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), ज्याच्याशी तुमची ओळख आजच झाली, त्याला माइक लावून काही हाती लागत नाही. त्याचा स्पीकर तुमचा आवाज नाही. कानात इन-इअर मॉनिटर घालून वाजवत असाल आणि स्टेजवर अॅम्प जेमतेम कुजबुजत असेल, तरीही नको. हळू आवाजातला अॅम्प आणि बाजूला कडाडणारा ड्रमसेट असं असलं की त्या माइकमध्ये ड्रमच जास्त भरतो.

माइक हवा तो अशा वेळी: काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब अॅम्प आहे, ओव्हरड्राइव्ह लावून आवाज मुद्दाम फाटवताय, स्वतःचं कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी घेऊन आलाय, किंवा गाणी अशी आहेत की बेसने पुढे येऊन बोलायचंय. शंका असेल तर साउंडचेकला एक चाचणी करा. अॅम्पचा आवाज बेताचा ठेवून कॅबिनेटसमोर गुडघ्यावर बसा, कान स्पीकरच्या उंचीला आणा, ओळखीची एक ओळ दुसऱ्याकडून वाजवून घ्या. मग मिक्सरच्या हेडफोनमध्ये फक्त डीआय ऐका. दोन्हीत फरक जाणवला आणि तो फरक तुम्हाला प्रिय असला, तर माइक लावा. जाणवला नाही, तर तो चॅनेल कोरसवाल्यांना देऊन टाका.

कॅबिनेट नीट पाहा आणि ऐका

मोबाइलचा टॉर्च जाळीवर तिरका धरला की आतला स्पीकर दिसतो. किती आहेत, कुठे आहेत, मधली टोपी कुठे आहे, हे पाहून घ्या. चार दहा-इंची असतील तर चारही सारखे वाजतात असं धरून चालू नका. भाड्याच्या कॅबिनेटमध्ये एखादा फाटलेला किंवा बदललेला स्पीकर हमखास निघतो. आवाज कमी करून एकेकाजवळ कान न्या. जो स्वच्छ आणि भरीव वाजेल त्याच्यावर पट्टीचा छोटा तुकडा चिकटवून खूण करा. मग सायंकाळी अंधारात कोणी माइक हलवला तरी तो परत त्याच जागी जाईल.

दोन जागा टाळायच्या. एक, कॅबिनेटला असलेलं हवेचं भोक. त्यासमोर माइक ठेवला तर प्रत्येक जोरदार स्वराला ‘फुस्स’ असा वारा येतो. दुसरी, वरच्या सुरांसाठी असलेला छोटा स्पीकर, म्हणजे हॉर्न. मोठा स्पीकर आणि हॉर्न यांच्या बरोबर मध्ये माइक ठेवला तर दोघांचा आवाज कमी-जास्त वेळाने पोचतो आणि वरच्या पट्टीत विचित्र पोकळपणा येतो. मला विचाराल तर माइक लावताना हॉर्नचा नॉब शून्यावर आणावा. वरचा चटका हवाच असेल तर तो डीआयमध्ये आहे.

आकडे काय सांगतात

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झला. पाच तारांच्या बेसची खालची बी सुमारे ३१. हे वाचून वाटतं की २० हर्ट्झपासून ऐकणारा माइकच हवा. पण बहुतेक बेस कॅबिनेट स्वतःच ५०-६० हर्ट्झच्या खाली झपाट्याने ओसरतात. ई तार वाजली की स्पीकरमधून मुख्यतः येतो तो ८२ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वरासोबत वाजणारा दुप्पट कंपनांचा उपस्वर) आणि त्याच्या वरचे. मूळ ४१ आपला मेंदू बऱ्याच अंशी स्वतः भरून काढतो. स्पीकरमधून जे निघतच नाही ते माइकने ऐकावं अशी अपेक्षा करून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जवळिकीची. एका दिशेने ऐकणारा जवळपास प्रत्येक माइक आवाजाच्या अगदी जवळ गेला की खालच्या पट्टीत फुगतो. निवेदक माइक ओठांना लावतो तेव्हा त्याचा आवाज जसा जड होतो, तेच इथे घडतं. म्हणून कंपनीच्या आकड्यांत खालची पट्टी कमी उचलणारा माइकही जाळीपासून दोन बोटांवर ठेवला की पुरेसा भरीव ऐकू येतो.

माइक: कोणता, कशासाठी

शुअर एसएम५७ ठाण्यातल्या जवळपास कोणत्याही साउंडवाल्याच्या पेटीत असतो. स्नेअरवर असतो, गिटार अॅम्पवर असतो, हार्मोनियमवरही असतो. कंपनी त्याची मर्यादा ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ सांगते, पण दूर ठेवला तर २०० च्या खाली तो हळूहळू उतरतो. डीआयच्या जोडीला बेस अॅम्पसमोर हा माझा पहिला पर्याय आहे. तो मधलं बोलतो, खालच्या पट्टीत लुडबूड करत नाही आणि ‘दादा, एक ५७ जादा आणा’ म्हटलं की येतो. विकत घेणार असाल तर मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ५७ आणि त्याचा गायकांसाठीचा भाऊ एसएम५८ या दोघांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि नकली माइकची खालची पट्टी कशी असेल याचा काही भरवसा नाही.

किकचे माइक: शुअर बीटा ५२ए, एकेजी डी११२, ऑडिक्स डी६. तिघेही दणकट, प्रचंड आवाज झेलणारे, आणि तिघांचाही स्वभाव किक ड्रमसाठी घडवलेला. खाली उठाव, वर ४ किलोहर्ट्झच्या आसपास टोक आणि मध्ये खड्डा. तो खड्डा डी६ मध्ये सगळ्यात खोल आहे. किकला ते छान शोभतं, कारण किकमध्ये ‘धप’ आणि ‘टक’ दोनच हवे असतात. बेसला त्या खड्ड्यातच स्वर सापडतो. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्याला हा आवाज आवडू शकतो, कारण त्यालाही धप आणि टकच हवं असतं. बाकीच्यांनी तिघांपैकी डी११२ पाहावा, तो त्यातल्या त्यात समतोल आहे. शिवाय किकवर आणि बेसवर एकाच जातीचा माइक लावला की दोघांचे उठाव एकाच जागी येतात आणि मिक्सरवाला रात्रभर दोघांना वेगळं करत बसतो.

इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० हा रेडिओ स्टुडिओत निवेदकासमोर दिसणारा जाडजूड माइक. त्याची बांधणी अशी आहे की जवळ नेल्यावर होणारा फुगवटा अगदी कमी राहतो. त्यामुळे माइक चार बोटं इकडे-तिकडे सरकला तरी बेसचा तळ फारसा बदलत नाही. डीआय नसेल आणि सगळा भार माइकवर असेल, तर मी हाच मागेन. अडचण एकच: वजन पाऊण किलोच्या घरात, म्हणजे हलक्या स्टँडवर तो हळूहळू मान टाकतो.

सेनहायझर एमडी ४२१ हे १९६० पासूनचं घराणं. मध्य पट्टी सुरेख, तळही आहे. भाड्याने आला तर एक गोष्ट आवर्जून पाहा. वायर जोडायच्या टोकाजवळ एक फिरणारी कडी असते, तिच्या एका टोकाला एम म्हणजे संगीत, दुसऱ्या टोकाला एस म्हणजे भाषण. आदल्या दिवशी कोणा वक्त्यासाठी ती एसकडे फिरवलेली असेल, तर बेसचा तळ कापलेला मिळेल आणि दोष कोणाचा हे कोणालाच कळणार नाही. कडी एमवर आणा. त्याची खास क्लिपही घट्ट बसली की नाही ते हाताने ओढून पाहा.

सेनहायझर ई९०६ चपटा असतो, वायरीने कॅबिनेटवरून खाली सोडला तरी स्पीकरकडेच पाहतो. जागा अपुरी असलेल्या स्टेजवर हा गुण मोलाचा. असं लोंबकळवणं ५७ ला जमत नाही, कारण तो लटकवला की त्याचं तोंड जमिनीकडे होतं. ई९०६ ची पुढची बाजू कोणती ते हेडफोन लावून दोन्ही बाजूंनी बोलून खात्री करून घ्या.

कंडेन्सर आणि रिबन माइक मी स्टेजवरच्या बेससाठी सुचवणार नाही. स्टुडिओत ते अप्रतिम, पण गणपतीच्या दिवसांतली दमट हवा, ओल्या मांडवातला खुर्च्यांचा धक्का आणि चुकून चालू राहिलेली फँटम पॉवर (मिक्सरमधून माइककडे जाणारी वीज) यांत वर सांगितलेल्यांसारखा डायनॅमिक माइक तग धरतो. चांगल्या केबलवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर डायनॅमिकला इजा करत नाही. रिबनबाबत तो धोका घेऊ नये.

पाठ कोणाकडे आहे तेही पाहा

माइकची पसंती नुसत्या अॅम्पवर ठरत नाही. आजूबाजूला काय आहे हे तितकंच महत्त्वाचं. एसएम५७ सारखा कार्डिऑइड माइक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो. बीटा ५२ए सारखा सुपरकार्डिऑइड बरोबर मागून थोडं ऐकतो, त्याचा बहिरेपणा मागच्या दोन कोपऱ्यांत असतो. त्यामुळे माइकच्या थेट मागे मॉनिटर (वादकांसाठी स्टेजवर ठेवलेला स्पीकर) असेल तर कार्डिऑइड बरा, दोन बाजूंच्या कोपऱ्यांत मॉनिटर असतील तर सुपरकार्डिऑइड.

मराठी वाद्यवृंदात खरी गर्दी होते ती ढोलकीची धुम, तबल्याचा डग्गा आणि बेस यांच्यात. तिघेही साधारण एकाच पट्टीत नांदतात. बेसचा अॅम्प ढोलकीच्या माइकच्या तोंडासमोर आला तर ढोलकीच्या चॅनेलमधून बेस येतो आणि मिक्सरवाला ढोलकी वाढवेल तसा बेसही वाढतो. अॅम्प दुसऱ्या बाजूला नेता आला तर उत्तम. नाही जमलं तर निदान त्याचं तोंड थोडं फिरवा आणि मागे कललेला ठेवा, म्हणजे कमी आवाजातही तुमच्या कानांपर्यंत पोचेल. कोळीगीतात बेस आणि ढोलकी एकाच ठोक्यावर उतरतात, तिथे या वेगळेपणाची सगळ्यात जास्त गरज असते.

माइक कुठे ठेवायचा

सुरुवात अशी करा: निवडलेल्या स्पीकरची टोपी जिथे संपते आणि कागद, म्हणजे स्पीकरचा शंकू, सुरू होतो त्या काठावर माइकचं तोंड, जाळीपासून ५ सेंटिमीटर, अगदी सरळ. हे मधलं उत्तर आहे. टोपीच्या मध्याकडे सरकलात तर आवाज उजळ आणि तारांची टकटक जास्त. बाहेरच्या कडेकडे सरकलात तर गोल, मऊ. एका वेळी बोटभरच सरकवा आणि ऐका. अंतर १५ सेंटिमीटरपर्यंत वाढवलं तर फुगवटा उतरतो, पण शेजारचे आवाज शिरायला लागतात. गजबजलेल्या स्टेजवर १० च्या पुढे जाऊ नये.

मांडवातलं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्या, खाली पोकळ. गायक जागेवर उडी मारतो आणि ती उडी बेसच्या माइकमध्ये ऐकू येते. अॅम्पखाली जाड फोम घाला. माइकचा स्टँड जड तळाचा, बुटका असावा आणि अॅम्पला टेकलेला नसावा. केबलचा एक वेढा स्टँडला बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी माइक फिरणार नाही.

माइक आणि डीआय यांचं जमवून देणं

इथेच बहुतेकांचं बिघडतं, म्हणून सावकाश. डीआयमधला आवाज तत्क्षणी पोचतो, माइकमधला थोडा उशिराने. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. कागदापासून माइक १२ सेंटिमीटरवर असेल तर उशीर ०.३५ मिलिसेकंद. १०० हर्ट्झच्या लाटेला हा उशीर किरकोळ आहे, पण १४०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात. म्हणजे नुसत्या अंतराने तळ जात नाही, स्पष्टपणा जातो.

तळ गेला तर कारण दुसरं असतं. एक, पोलॅरिटी उलटी असणं, म्हणजे एका आवाजाची लाट पुढे ढकलते तेव्हाच दुसऱ्याची मागे ओढते. काही अॅम्प-कॅबिनेट जोड्या डीआयच्या तुलनेत उलट ढकलतात. दोन, अॅम्पमध्ये किंवा पेडलमध्ये डिजिटल प्रक्रिया असणं. तिला ३ मिलिसेकंद लागले तर खोडाखोड १६७ हर्ट्झला येते, अगदी बेसच्या घरात.

जुळवणी अशी करा. ए तारेवरचा पाचवा पडदा (फ्रेट) दाबून लांब, स्थिर स्वर वाजवून घ्या. हेडफोनमध्ये मोनो करून डीआय आणि माइक वेगवेगळे ऐका, दोघांची पातळी सारखी करा, मग एकत्र उघडा. माइकच्या चॅनेलवरचं पोलॅरिटी बटण दाबा आणि सोडा. ज्या बाजूला आवाज भरीव, ती बाजू ठेवा. छोट्या मिक्सरवर हे बटण नसतं, तिथे पिन २ आणि ३ उलट जोडलेली एक एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची केबल) कामी येते. अशी केबल स्वतःची ठेवा आणि तिच्यावर लाल पट्टी गुंडाळा, नाहीतर ती चुकून दुसऱ्या माइकला लागेल. डिजिटल मिक्सर असेल तर डीआयच्या चॅनेलला थोडा डिले द्या आणि तो ०.१ मिलिसेकंदाने वाढवत आवाज सगळ्यात घट्ट कुठे होतो ते ऐका.

त्यानंतर माइकच्या चॅनेलवर हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा) ८० ते १०० हर्ट्झला लावा. खर्ज डीआयकडे, मधलं माइककडे. फिल्टर लावल्यावर पोलॅरिटीचं बटण पुन्हा एकदा दाबून पाहा, कारण फिल्टरही लाटेची वेळ सरकवतो आणि मघाचं उत्तर बदलू शकतं. डीआय अॅम्पच्या मागून घेत असाल तर तिथला प्री-पोस्ट स्विच प्रीवर ठेवा, म्हणजे गाण्यागणिक तुम्ही अॅम्पचे नॉब फिरवलेत तरी मिक्सरकडे जाणारा तळ स्थिर राहील. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितली तर ठाम नकार द्या, जीवाशी खेळ आहे तो.

जागेप्रमाणे

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे ही नाटकांसाठी बांधलेली सभागृहं. तिथे शब्द कळणं महत्त्वाचं, बेस फुगला की गायकाचे शब्द बुडतात. अशा जागी डीआय मुख्य, ५७ मध्यासाठी आणि अॅम्प शक्य तितका हळू. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या उंच, मोठ्या दालनात खालचे सूर लांबत राहतात. तिथे माइकचा वाटा वाढवा, डीआयचा कमी करा.

उघड्या मैदानावर भिंती नसतात, त्यामुळे तळ विरतो आणि सबवूफर जोरात चालतात. ते स्टेजच्या पुढ्यातच असतात आणि त्यांचा आवाज सर्व दिशांना पसरतो, तुमच्या माइकमध्येही. तळ उचलणारा किकचा माइक तिथे लावला तर खालून ‘हूं’ अशी शिट्टी सुरू होते. ५७ आणि हाय-पास असेल तर हा त्रास जवळजवळ नसतो.

तलावपाळी आणि राम मारुती रोडच्या दिवाळी पहाटेला आणखी एक अट असते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाहीत. त्यामुळे पहाटे येऊन मोठ्याने साउंडचेक करता येईल असं धरू नका. पोलॅरिटी, फिल्टर, माइकची जागा हे सगळं हेडफोनवर उरकता येतं, म्हणून वरची पद्धत हेडफोनचीच सांगितली.

साउंडवाल्याला काय कळवायचं

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी असा मेसेज टाका: ‘दादा, बेससाठी दोन चॅनेल हवेत. एक डीआय, एक एसएम५७. ५७ नसेल तर ४२१ किंवा डी११२ चालेल. बुटका बूम स्टँड एक. अॅम्प माझा आहे, उजव्या बाजूला ढोलकीपासून लांब ठेवणार. मिक्सरला पोलॅरिटीचं बटण आहे का तेवढं सांगा, नसेल तर केबल मी आणतो.’ यात ब्रँडचा आग्रह नाही, पर्याय दिलाय, आणि त्यांचं एक काम तुम्ही अंगावर घेतलंय. असा मेसेज आला की साउंडवाले माइक शोधून ठेवतात.

मध्येच माइक बंद पडला तर काही करू नका, डीआय चालू आहे. मिक्सरवाल्याला खूण करून माइकचा फेडर खाली आणायला सांगा आणि वाजवत राहा. डीआय गेला तर मात्र माइकवरचा हाय-पास लगेच काढायला हवा, नाहीतर बेसला तळ उरणार नाही. हे त्याला साउंडचेकलाच सांगून ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर माइक ओला झाला असेल तर तसाच पेटीत कोंबू नका, कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर सावलीत उघडा ठेवा. आणि मांडवाचे नट-बोल्ट जिथे सुटत असतात तिथे तो जमिनीवर ठेवू नका. डायनॅमिक माइकमध्ये लोहचुंबक असतं. लोखंडाचा बारीक कीस जाळीतून आत शिरला की माइकच्या आतल्या पातळ पडद्याला चिकटतो आणि पुन्हा निघत नाही.